चौदावं पान तपासलं, बरोबर आहे

१६ ऑगस्ट १९८८

नवी वही. वही उघडली की आधी सगळ्यांची विचारपूस, मग बाकीचं, ही माझी जुनी रीत.

बायकोचा, रुख्माबाईचा, गुडघा पावसानं कुरकुरतो, पण काल स्वतः वाडीत जाऊन अंबाडी खुडून आणली, म्हणजे बरी आहे. लेक अन्नपूर्णा बाळंतपणाला आली आहे, तिला सातवा सरत आला. पाय सुजतात, अंबाडीशिवाय तोंडाला काही गोड लागत नाही. शेजारच्या अण्णाजींचा दमा या ढगाळ हवेत वर आला आहे, काढा नेऊन दिला. म्हैस आटत आली. इस्पितळातलं यंत्र ठणठणीत.

रुख्माबाईनं मागून वाचलं. "यंत्राची काय तब्येत इचारता? माह्या गुडघ्याच्या खाली त्याचं नाव!"

"तुह्या गुडघ्याच्या खाली नाई, म्हशीच्या खाली."

"मंग म्हशीले सांगतो," म्हणाली आणि गेली.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं रेडिओच्या दुकानात, खोक्यांसोबत येणारे कागद वाचून शिकलो. दुकान बंद केल्यावर सेलू रस्त्यावरच्या आमच्या लहानशा ट्रस्टच्या इस्पितळात हे संगणक यंत्र आलं, मुंबईच्या कुणीतरी दान दिलेलं. सोबत इंग्रजी कागदांचा ढीग. मनोहरराव डॉक्टर म्हणाले, "रूपरावजी, हे कुंताबाईले समजल असं करा." कुंताबाई म्हणजे रेकॉर्डच्या सिस्टर. तेव्हापासून यंत्राची मराठी पुस्तिका माझ्याकडे. यंत्राच्या पोटात फायली कशा मांडलेल्या असतात, कुठं काय ठेवायचं, कसं काढायचं, बंद कसं करायचं, एवढंच तिच्यात. यंत्राच्या गाभ्यात, म्हणजे ज्या मूळ सूचनांवर ते चालतं त्यांत, काही बदल झाला की जुनं पान काढायचं, नवं लावायचं.

२९ ऑगस्ट

एक गोष्ट लिहून ठेवतो, म्हणजे मन हलकं होईल.

अन्नपूर्णाचं रक्त ओ निगेटिव्ह. पहिल्या खेपेला सासरी, भंडाऱ्याकडे, लेकरू हाती लागलं नाही आणि हिचं रक्त थांबेना. जावयानं कुठून कुठून माणसं गोळा केली तेव्हा वाचली. म्हणून या वेळी सहाव्यातच घरी आणली.

डॉक्टरांनी या रक्ताची माणसं गावोगाव हिंडून शोधली आहेत. आंजी, अल्लीपूर, सेलू, कुठं कुठं. एकूण दहा-बारा निघाली. त्यांची नावं-पत्ते आधी पुठ्ठ्याच्या कार्डांवर होते. मागच्या पावसात कपाटाला वाळवी लागली आणि कार्डांचा भुसा झाला. मग डॉक्टरांनी पुन्हा फटफटीवर फिरून नावं जमवली आणि म्हणाले, आता यंत्रातच. यंत्राला वाळवी लागत नाही.

अन्नपूर्णा आज यंत्र पाहायला आली होती. कुंताबाईनं तिला यादी उघडून दाखवली.

"हे सगळे माह्यासाठी?" ती हसली.

"तुह्यासाठी नाई वं, सगळ्यांसाठी. पण पयली तू," कुंताबाई म्हणाल्या.

मला बरं वाटलं. परत येताना ती ताराचंद, ताराचंद म्हणत होती. आंजीच्या ताराचंदचं नाव यादीत पहिलं आहे.

१३ सप्टेंबर

पोळा झाला. बैलांच्या शिंगांचा रंग उतरला नाही तोच नागपूरहून यंत्राच्या कंपनीचा ओमप्रकाश आला. पोरगा गुणी. आल्या आल्या पाया पडला, मग पुरणपोळी उरली का विचारलं. होती.

यंत्र फार हळू चालतं अशी डॉक्टरांची तक्रार होती. ओमप्रकाशनं त्यात नवा गाभा घातला. दुपारपर्यंत काम झालं. कुंताबाईनं एक नाव टाकलं तर ते डोळ्याचं पातं लवायच्या आत जमा झालं. पूर्वी, मजकूर जिच्यावर साठतो त्या तबकडीचा दिवा किती वेळ लुकलुकत राहायचा.

"हे कसं केलं?" मी विचारलं.

तो जेवत होता. "काकाजी, पयले कसं, तुमी बोलले का हा लगेच तबकडीवर लिहे. आता मनात धरते. फुरसत भेटली का लिहिते. म्हून फास्ट."

"शाना झाला म्हणजे."

"शाना नाई, काकाजी, बेफिकीर झाला. तुमचं चौदावं पान बदला, बंद करायचं. हे घ्या, मी कागद लिहून आणला. समजलं नाई तर पोस्टकार्ड टाकजा."

साडेतीनची गाडी होती. घास तोंडात ठेवूनच उठला. टेपेचा डबा, ज्यात यंत्रातल्या मजकुराची नक्कल ठेवतो, तो बिघडला होता, तोही दुरुस्तीला सोबत नेला. रुख्माबाईनं पोळ्या कागदात बांधून दिल्या.

१७ सप्टेंबर

ओमप्रकाशच्या कागदावर बसलो. इंग्रजी साधं आहे. म्हणतो, वीज बंद करण्याआधी 'सिंक' नावाची आज्ञा द्यावी आणि जरा थांबावं, नाहीतर लिहिलेलं राहून जाऊ शकतं.

माझा दुकानातला नेम होता: मीटरचा काटा हलला तरच दोष सापडला म्हणायचं. पुस्तिकेलाही तोच नेम. यंत्रावर करून डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. सुरुवातीला मी एक पान नुसतं इंग्रजीवरून उतरवलं होतं. कुंताबाई तसं करायला गेल्या तर तसं काही आमच्या यंत्रात नव्हतंच. दोन दिवस अख्खं इस्पितळ हसत होतं. वॉर्डबॉयसुद्धा मला विचारे, "रूपरावजी, ते बटन भेटलं का?"

म्हणून आज करून पाहिलं. 'सिंक' दिलं. काहीच झालं नाही. पडद्यावर एक अक्षर नाही. पुन्हा दिलं. काही नाही. कुंताबाई म्हणाल्या, "हे काय, हाका मारून राह्यले आन् कोणी ओ देऊन नाई राह्यलं?"

मग उलटी तपासणी केली. एक खोटं नाव लिहिलं, 'रूपराव रेडिओवाले'. लगेच पुन्हा काढून वाचलं. होतं! अक्षर न् अक्षर. म्हणजे लिहिलं जातं आहे, आणि लगेच जातं आहे. ओमप्रकाश उगाच भीती घालतो. तरुण माणसं नव्या वस्तूला जास्त जपतात.

ज्या आज्ञेनं काही होताना दिसत नाही, ती बायांच्या डोक्यावर कशाला? चौदाव्या पानावर जुनंच ठेवलं: काम संपलं, तबकडीचा दिवा विझला, की खुशाल बटण बंद करा, दिवा विझला म्हणजे चूल विझली. खाली लिहिलं: नव्या गाभ्यावर तपासलं, बरोबर आहे. ता. १७-९-८८.

ओमप्रकाशचा कागद पुस्तिकेच्या शेवटी टाचणीनं लावून ठेवला. आला की विचारू.

२५ सप्टेंबर

विजेची लाइन फार जाते आहे. दिवसातून तीनदा, चारदा. यंत्र मध्येच मरतं, परत लावावं लागतं. लावलं की ते इंग्रजीत प्रश्न विचारतं. असं असं तुटकं सापडलं, साफ करू का? होय किंवा नाही सांगा.

यावरही माझं पान आहे, सोळावं. मी लिहिलं होतं: यंत्र विचारेल साफ करू का, तर प्रत्येक वेळी होय म्हणा. दारी आलेल्या पाहुण्याला आपण नाही म्हणत नाही, तसं. कुंताबाईला हे वाक्य फार आवडतं. होय, होय, होय करत त्या बटण दाबत जातात आणि म्हणतात, "घ्या बाप्पा, अजून घ्या."

पूर्वी एखादाच प्रश्न यायचा. आता पाच-सहा येतात. नवा गाभा टापटिपीचा दिसतो, केर काढल्याशिवाय कामाला लागत नाही.

काल सेलूच्या लहानू नावाच्या माणसाची नोंद सापडेना. परवाच टाकली होती म्हणतात. कुंताबाईचा चेहरा एवढासा झाला. "माह्या हातानं टाकलंतं, रूपरावजी. माह्या देवाची आन."

मी म्हटलं, "असू द्या. वय झालं का असं होते. मीबी चष्मा डोळ्यावर ठेवून शोधतो."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग नोंद पुन्हा टाकली.

४ ऑक्टोबर

ओमप्रकाशचं पोस्टकार्ड. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. टेपेच्या डब्याचा सुटा भाग मुंबईहून यायचा आहे. खाली रेघ मारून लिहिलं आहे: काकाजी, चौदावं पान बदललं का? विसरू नका.

आजच उत्तर टाकलं. आईसाहेबांच्या डोळ्याला धूर लागू देऊ नको, आणि चौदाव्या पानाची काळजी सोड, मी स्वतः यंत्रावर तपासलं, जुनं बरोबर आहे, तू आलास की दाखवीन. पोरगा खूश होईल. कुणीतरी त्याच्या मागे इतकं बघतं म्हणून.

अन्नपूर्णाला डॉक्टरांनी तपासलं. बाळ आडवं आहे म्हणाले. अजून वेळ आहे, फिरेल. तारीख ऑक्टोबरच्या अखेरची. रुख्माबाईनं ऐकलं आणि सगळी भांडी परत घासायला काढली.

११ ऑक्टोबर

रक्त देणाऱ्यांना डॉक्टरांनी इस्पितळात बोलावलं होतं. तपासणी केली, चहा-पोहे दिले. सगळे आले. ताराचंद उंचापुरा, मिशीवाला. अन्नपूर्णाला पाहून म्हणाला, "तूच का वं ती? घाबरू नको. माह्यात दोन माणसाचं रक्त आहे, बायको रोज म्हणते." अन्नपूर्णा किती दिवसांनी खळखळून हसली.

त्यानं आंजी सोडली. वाटणी झाली, आता अल्लीपूरच्या बाजूला सासऱ्याच्या वावरात झोपडी टाकून राहतो. पत्ता समजावून सांगायलाच त्याला अर्धा तास लागला. नाल्याच्या अलीकडे का पलीकडे, कुण्या चिंचेपासून वळायचं. इतरांचेही पत्ते, फोनवाले शेजारी, कुणाच्या दुकानात निरोप ठेवायचा, सगळं नवं. कुंताबाईनं चिठोऱ्यांवर उतरून घेतलं. सवडीनं यादी अख्खी नव्यानं लिहू म्हणाल्या.

१५ ऑक्टोबर

आज लाइन तीनदा गेली. यंत्रानं इतके प्रश्न विचारले की कुंताबाईचं बोट दुखलं.

एक विचित्र झालं. गेल्या महिन्यात बऱ्या होऊन घरी गेलेल्या एका बाईचं नाव यंत्रात अजून खाटेवर दिसतं. कुंताबाई म्हणतात, सुट्टी मी लिहिली होती. मी यंत्रापाशी बराच वेळ बसलो. ते गुणगुणत होतं, नेहमीसारखं. दिवा विझलेला. सगळं पानाप्रमाणे. तरी उठताना, कोणी आपल्याकडे पाहून मान डोलावतं पण ऐकत नाही, असं काहीतरी वाटलं. म्हातारपणाचे खेळ.

बाळ फिरलेलं नाही.

१९ ऑक्टोबर, खंडेनवमी

आमच्याकडे या दिवशी नांगर, विळा, अडकित्ता, शिवणाचं यंत्र, सगळ्यांना विश्रांती. धुवायचं, हळदकुंकू लावायचं, फुलं वाहायची, आणि दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. चालत्या हत्याराची पूजा करत नाहीत. दुकानात असताना मी सोल्डरिंगच्या सळईचीसुद्धा करत असे. इस्पितळात शस्त्रक्रियेच्या चिमट्या-कात्र्या मांडल्या, क्ष-किरणाचं यंत्र मांडलं, मग आमचं.

कुंताबाई सकाळपासून जुन्या यादीच्या जागी नवी लिहीत बसल्या होत्या. आता दोन दिवस यंत्र बंद, म्हणून आजच संपवायचं. शेवटचा पत्ता ताराचंदचा, नाल्यासकट. इकडे पूजेचं ताट तयार, डॉक्टरांना वॉर्डात जायची घाई.

"झालं का वं कुंताबाई? मुहूर्त टळून राह्यला," रुख्माबाईनं हाक मारली. ती अन्नपूर्णाला घेऊन पूजेला आली होती.

"झालं, झालं, ठेवलं आत." त्यांनी शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर यादी जमा झाल्याचं आलं. मी तबकडीचा दिवा पाहिला. विझलेला. चूल विझली.

चिठोरी त्यांनी गोळा करून समईची वात लावायला घेतली. "आता याचं काय काम!"

मी बटण बंद केलं. गुणगुण थांबली. खोली एकदम इतकी शांत झाली की अन्नपूर्णानं पोटावर हात ठेवला. म्हणाली, "बाबा, बाळ दचकलं." सगळे हसले.

हळदकुंकू लावलं. झेंडूचा हार घातला. दिसायला फार गोड दिसत होतं.

२० ऑक्टोबर, दसरा

सोनं दिलं, सोनं घेतलं. अण्णाजी दम्यानं येऊ शकले नाहीत, मी जाऊन पानं देऊन आलो. अन्नपूर्णाच्या कमरेत सकाळपासून दुखतं. रुख्माबाई म्हणते, खोट्या कळा.

२१ ऑक्टोबर

कुंताबाईनं हार उतरवून यंत्र लावलं. प्रश्न विचारले. होय म्हणाल्या. आज कमी होते, हे नोंदवण्यासारखं. पूजेचा गुण म्हणायचा. यादी उघडायचं काही कारण नव्हतं. रांग मोठी होती, नेहमीच्या कामाला लागल्या.

डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी भरती करा, वाट पाहण्यात अर्थ नाही. मी विचारलं, रक्ताचं? म्हणाले, "रूपरावजी, यादी आहे ना. सकाळी माणसं पाठवू. दोन तासात येतील."

२२ ऑक्टोबर, सकाळ

आधी इथं कच्चं लिहितो, मग चिठ्ठीवर उतरवीन. इस्पितळाचा ड्रायव्हर तानबा जीप घेऊन रक्तासाठी नागपूरला निघतो आहे. बाहेर टायरात हवा भरतो. तेवढा वेळ आहे.

चि. ओमप्रकाश यास,

अनेक आशीर्वाद. अन्नपूर्णाला पहाटेच रक्त जाऊ लागलं. भरती केली आहे. पोट चिरून बाळ काढावं लागेल, पण रक्त हाताशी नाही म्हणून डॉक्टर थांबले आहेत. इथं एक बाटली होती ती लावली. नागपूरचा ट्रंक कॉल लागत नाही.

आम्ही यादी उघडली. यादीचं नाव जागेवर आहे, तारीख खंडेनवमीची आहे, आत काही नाही. यंत्र तिची लांबी शून्य दाखवतं. एक अक्षर नाही. शून्य म्हणजे काय हे पुस्तिकेत नाही, कारण असं मी कधी पाहिलं नव्हतं. जुनी यादीही दिसत नाही, नवीही नाही. कुंताबाईनं माझ्यासमोर लिहिली, मी जमा झालेली वाचली, दिवा विझलेला पाहिला, मगच बटण बंद केलं. पान चौदाप्रमाणे.

कुंताबाईला नावं अर्धीमुर्धी आठवतात. गावं आठवतात. माणसं पाठवली आहेत. ताराचंदकडे माझा पुतण्या सायकलनं गेला आहे. पण नाल्याच्या अलीकडे की पलीकडे, ते कुणाच्या ध्यानात नाही. चिठोरी जळली.

तू म्हणाला होतास, यंत्र मनात धरतं आणि फुरसतीनं लिहितं. मला मघापासून तेच आठवत आहे. बाबा, मला एवढंच सांग, ते अजून त्याच्या मनात असेल का? मी यंत्र चालू ठेवलं आहे, कुणाला हात लावू देत नाही. लाइन जाऊ नये म्हणून रुख्माबाई तिकडे देवापाशी बसली आहे. तुझ्या कागदावरची ती आज्ञा आता दिली. पुन्हा पुन्हा दिली. पूर्वीसारखंच, काही होताना दिसत नाही. ती द्यायला नको होती का? त्यानं आणखी बिघडलं का?

आणि टेपेचा डबा तुझ्याकडे आहे. त्यात जुनी नक्कल असलेली टेप अडकून तर राहिली नाही ना? आत बघ. ऑगस्टची असली तरी चालेल. जुने पत्तेसुद्धा चालतील.

अन्नपूर्णा शुद्धीवर आहे. मघाशी विचारत होती, "बाबा, ते मिशीवाले आले का?" मी म्हटलं, निघाले.

तानबा तुझ्या दारात उभा राहील. रक्तपेढीतून परतताना तो तुझ्याकडूनच येईल. तू घरी नसलास तर तुझ्या आईजवळ ही चिठ्ठी देईल आणि ऑफिसात येईल. जे काही असेल ते, मी काय करायचं ते, साध्या मराठीत लिही आणि त्याच्याच हाती दे. काही होत नसेल तर तसंही लिही. मला राग येणार नाही. पण पोरा, लवकर लिही.

रूपराव